खंड पडला म्हणून काय झालं!

शमे, तुझा परवाचा लांबलचक मेसेज नीट वाचला. त्यातलं एक वाक्य मला फार लागलं. "ताई, बायोडेटात मधली वर्षं नुसती रिकामी आहेत, ती कुठल्या तोंडाने दाखवू?" अगं, पुण्यात एम.ए. केलंस, सेट पास झालीस, तासिका तत्त्वावर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावत राबलीस. मग लग्न, व्हर्जिनिया, ईशानचा जन्म. या सगळ्याला तू रिकामं म्हणतेस? आणि आता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवावं असं मनात आलं, तर सगळ्यात आधी भीती वाटते ती त्या खंडाची.

म्हणून आज तुला एका शिक्षिकेबद्दल सांगणार आहे. नाव तुला माहीत आहे, पण तू त्यांना नवऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या फोटोतच पाहिलं असशील. जिल बायडन. राजकारण बाजूला ठेव. त्यांचा पक्ष कुणाला पटेल, कुणाला नाही, मला त्यात शिरायचं नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या नोकरीबद्दल. एकतीस वर्षं ही बाई कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होती, आणि तिथे पोचायला तिला वयाची बेचाळिशी गाठावी लागली.

जन्म १९५१चा, न्यू जर्सीतल्या हॅमंटनचा. वाढल्या फिलाडेल्फियाजवळच्या विलो ग्रोव्हमध्ये. पाच बहिणींत थोरल्या. वडील बँकेत खिडकीवरच्या कामापासून वर चढत गेलेले. घराणं मूळचं सिसिलीचं, आडनाव जाकोप्पो, ते अमेरिकेत आल्यावर जेकब्स झालं. पंधराव्या वर्षी जिलबाई समुद्रकाठच्या ओशन सिटीत वेट्रेसचं काम करू लागल्या, कारण हातात स्वतःचे पैसे असावेत असं त्यांना तेव्हापासूनच वाटे. शाळा संपल्यावर त्या गेल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात, फॅशन मर्चंडायझिंग शिकायला. मन रमलं नाही, एका सत्रात ते सोडलं. मग डेलावेअर विद्यापीठ, इंग्रजी विषय. तोही सरळ झाला नाही. अठराव्या वर्षी लग्न केलं, ते टिकलं नाही. १९७५मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. आपल्याकडच्या एखाद्या मुलीचं असं झालं असतं तर चार मावश्यांनी तिला 'वाया गेली' ठरवून टाकलं असतं.

पुढच्या वर्षी विल्मिंग्टनच्या सेंट मार्क्स हायस्कूलमध्ये त्या शिकवायला लागल्या. ज्यो बायडन तेव्हा तरुण सिनेटर होते. १९७२च्या डिसेंबरात गाडीच्या अपघातात त्यांची पहिली बायको आणि तान्ही मुलगी गेली होती, दोन लहान मुलगे वाचले होते. त्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा जिलबाई हो म्हणाल्या नाहीत. पाचव्यांदा विचारल्यावर होकार दिला. कारण त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय: त्या मुलांनी एक आई गमावली होती, दुसरी गमावायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, म्हणून स्वतःची पुरती खात्री पटायला हवी होती. मला या बाईबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो इथे. १९७७मध्ये लग्न झालं आणि पंचविशी नुकतीच ओलांडलेली ही मुलगी दोन पोरांची आई झाली.

आता पुढचं लक्ष देऊन वाच. संसार सांभाळत, नोकरी करत १९८१मध्ये वाचनकौशल्य या विषयातली पहिली मास्टर्स केली. त्याच वर्षी मुलगी झाली, ॲशली. मग नोकरी थांबवली. परत आल्या त्या एका मनोरुग्णालयात, तिथे दाखल असलेल्या किशोरवयीन मुलांना इंग्रजी शिकवायला. तिथे पाच वर्षं काढली. विचार कर, ज्यांचं मनच ठिकाणावर नाही अशा मुलांसमोर उभं राहून परिच्छेद कसा बांधायचा ते शिकवायचं. १९८७मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठातून इंग्रजीची दुसरी मास्टर्स. पुढच्याच वर्षी नवऱ्याच्या मेंदूत रक्तवाहिनीला फुगा आला, मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. ते दुखणं निभावलं. मग पुन्हा हायस्कूल. आणि १९९३मध्ये डेलावेअर टेक्निकल कम्युनिटी कॉलेज.

या वर्षांकडे तुझ्या नजरेने बघितलं तर काय दिसेल? सोडलेलं कॉलेज, मोडलेलं लग्न, थांबवलेली नोकरी, शाळा बदल, हॉस्पिटल, परत शाळा. आणि माझ्या नजरेने बघितलं तर असं दिसतं, की ज्या वर्गात निम्मी मुलं कुठून ना कुठून मोडून पडून आलेली असतात, त्या वर्गासाठी याहून चांगली तयारी दुसरी नाही. परत शिकायला आलेल्या बाईला काय भीती वाटते, हे कधीच न थांबलेल्या प्राध्यापकाला पुस्तकातूनच कळणार. तुला ते अंगातून माहीत आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे तुला दुरून दिसतंय तेवढंच नाही. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१मध्ये सुरू झालं, तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. दोन वर्षांची पदवी, कमी फी, आणि दार सगळ्यांना उघडं: मार्क बघून कुणाला परत पाठवायचं नाही. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९पासून जे केलं, त्यातला दार उघडं ठेवण्याचा विचार याच जातीचा आहे, फक्त इथे रोज वर्ग भरतो. आमच्या उत्तर व्हर्जिनियात तर एका वर्गात एल साल्वादोरची, इथिओपियाची, बोलिव्हियाची, अफगाणिस्तानची माणसं एका ओळीत बसतात. कुणी सैन्यातून परत आलेला असतो. कुणी नर्सिंग होममधली शिफ्ट संपवून त्याच निळ्या कपड्यांत येते. एखादा सतरा वर्षांचा पोरगा हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट जमवत असतो. आणि हो, आपल्या ॲशबर्न-हर्न्डनच्या मराठी घरांतल्या सुनाही असतात, अकाउंटिंगच्या नाहीतर कोडिंगच्या वर्गात, अवलंबित व्हिसावर परवान्याशिवाय काम करता येत नाही तर निदान शिकून घेऊ म्हणून आलेल्या.

ही माणसं हुशार असतात. पण टिकत नाहीत. सेमिस्टरच्या मध्यावर खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि बुद्धी कमी पडली म्हणून नाही. गाडी बंद पडते, बाळ आजारी पडतं, मालक शिफ्ट बदलतो. माझ्या वर्गातली एक मुलगी घरी इंटरनेट नाही म्हणून लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर निबंध टाइप करायची. जिलबाईंनी पीएच.डी.सारखीच शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट केली ती नेमकी याच प्रश्नावर: कम्युनिटी कॉलेजातले विद्यार्थी टिकवायचे कसे, त्यांच्या गरजा कोणत्या. जानेवारी २००७, डेलावेअर विद्यापीठ. वय पंचावन्न. आपल्याकडे त्या वयात लोक निवृत्तीचे कागद गोळा करायला लागतात.

ही डॉक्टरेट का केली, त्यामागचा एक किस्सा ज्यो बायडन यांनीच सांगितलाय. घरी येणारी पत्रं 'सिनेटर आणि मिसेस बायडन' अशा नावाने यायची, त्याला जिलबाई कंटाळल्या होत्या. त्यांना 'डॉक्टर आणि सिनेटर' असं पाकीट हवं होतं. कुणाला हा हट्ट वाटेल, मला तो फार योग्य वाटतो. पुढे २०२०च्या डिसेंबरात एका मोठ्या वर्तमानपत्रात एका लेखकाने त्यांना जाहीर सल्ला दिला, की नावामागचं डॉक्टर काढून टाका. देशभरातल्या शिकलेल्या बायका किती चिडल्या होत्या तेव्हा! मीही चिडले होते. रात्र रात्र जागून, मुलांच्या परीक्षा, आजारपणं काढून मिळवलेल्या दोन अक्षरांवर दुसऱ्याने हात टाकावा?

२००९मध्ये नवरा उपाध्यक्ष झाला. डेलावेअरचं पंधरा वर्षांचं कॉलेज सुटलं. घरी बसायला यापेक्षा सोयीचं कारण कोणतं असणार? पण वॉशिंग्टनला आल्या आल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजच्या अलेक्झांड्रिया कॅम्पसवर त्या रुजू झाल्या. उपाध्यक्षाची बायको पगारी नोकरी करते, असं त्याआधी घडलं नव्हतं. विमानातून सरकारी दौऱ्यावर जाताना मांडीवर निबंधांचे गठ्ठे, हातात पेन. वर्गात त्या 'डॉक्टर बी' होत्या. सुरक्षारक्षक कॉलेजच्या मुलांसारखे कपडे घालून बाहेर वावरायचे, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना आपल्या बाई कोण आहेत याचा पत्ताच नसायचा. २०१५च्या मे महिन्यात त्यांचा मोठा मुलगा बो मेंदूच्या कर्करोगाने गेला, ज्याला त्यांनी लहानपणापासून वाढवलं होतं. त्यानंतरही त्या वर्गात परत आल्या. २०२०मध्ये निवडणुकीच्या प्रचारासाठी रजा घेतली आणि त्याच वर्षी ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षणही पुरं केलं. २०२१मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हापासून व्हाइट हाउसमध्ये राहून पुन्हा शिकवणं. शेवटचा वर्ग घेतला डिसेंबर २०२४मध्ये.

तू म्हणशील, ताई, त्यांच्या घरात मदतीला माणसं, पैशाची चिंता नाही, मोडलं तर सावरायला नवरा सिनेटर. खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. त्यांना ॲडजंक्टच्या, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाच्या, पगारावर घर चालवायचं नव्हतं. म्हणून त्यांच्याकडून एवढंच घे, की मध्ये थांबलेली नोकरी परत धरता येते, आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर आपलं गाव बदललं तरी आपलं काम बदलू द्यायची गरज नाही. बाकी हिशोब आपल्याला आपल्या परिस्थितीप्रमाणे मांडावा लागेल, तो खाली मांडते.

पण त्याआधी तुझी दुसरी शंका. "साहित्य शिकले आणि आता कॉम्पोझिशनचे, म्हणजे लेखनाच्या वर्गाचे, निबंध तपासायचे?" शमे, हे काम कमी दर्जाचं मानू नकोस. तुला अर्ल शॉरिसबद्दल सांगते. हा न्यू यॉर्कचा लेखक, गरिबीवर पुस्तक लिहीत होता. बेडफर्ड हिल्सच्या महिला तुरुंगात त्याने विनीस वॉकर नावाच्या कैदी बाईला विचारलं, लोक गरीब का राहतात? तो समजत होता ती नोकऱ्या, पैसा याबद्दल बोलेल. ती म्हणाली त्याचा अर्थ असा, की आमच्या मुलांना नाटकं, संग्रहालयं, मैफली, व्याख्यानं दाखवा, शहरातल्या सुखवस्तू लोकांच्या मनाचं जे पोषण होतं ते त्यांना मिळू द्या. शॉरिस हादरला. १९९५मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, रॉबेर्तो क्लेमेंते यांच्या नावाच्या एका केंद्रात त्याने गरीब, बेघर, तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. विषय काय? नीतिशास्त्र, कविता, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, तर्कशास्त्र. प्लेटोपासून सुरुवात. फी नाही, आणि येण्याजाण्याला सबवेची टोकनं, वर्ग चालू असेपर्यंत मुलं सांभाळायची सोय. मला सगळ्यात आवडतं ते हे टोकनांचं. प्लेटो शिकवायचा तर आधी त्या बाईच्या भाड्याचं बघावं लागतं, हे ज्याला कळलं तो खरा शिक्षक. तो अभ्यासक्रम पुढे कितीतरी गावांत पसरला.

म्हणून कॉम्पोझिशनच्या वर्गाला कमी लेखू नकोस. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचना ऐकल्या, ती पहिल्यांदा कागदावर "मला असं वाटतं, कारण" असं लिहिते, तो क्षण कुठल्याही साहित्याच्या सेमिनारमध्ये तुला मिळणार नाही. माझ्याकडे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, रात्री टॅक्सी चालवायचे. त्यांनी आपल्या गावातल्या दुष्काळावर निबंध लिहिला. व्याकरणाच्या चुका ओळीओळीला, आणि विचार इतका स्वच्छ की मी लाल पेन बाजूला ठेवलं. आधी त्यांच्याशी दुष्काळाबद्दल बोलले, मग क्रियापदांबद्दल. तू पण हाच क्रम ठेव. आधी माणसाचं म्हणणं, मग त्याचं व्याकरण. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं नाव नीट उच्चारायला शीक, आपल्याच नावांची लोकांनी किती चिरफाड केली आहे हे आठवून. आणि तुझ्या उच्चारांची लाज बाळगू नकोस. त्या वर्गात निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांना वेगळ्या उच्चारात छान इंग्रजी बोलणारी बाई समोर दिसणं हाच मोठा धीर असतो.

आता व्यवहार. तासिका तत्त्वावर काम केलेल्या बाईला ॲडजंक्ट म्हणजे काय हे समजावायला नको: कोर्सवर पैसे, सत्रापुरता करार, सुट्टीत काही नाही, आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नाही. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत बहुतांश शिक्षक असेच अर्धवेळ आहेत. या वाटेने कायम नोकरी नक्की मिळेलच, अशा भरवशावर बसू नकोस. मिळते काहींना. पण पहिली दोन-तीन सत्रं एक किंवा दोनच कोर्स घे, गाडीत बसून तीन कॅम्पस करणाऱ्या बायका मी थकून गेलेल्या पाहिल्या आहेत. विचारायला अजिबात संकोचू नकोस: ऑफिस अवर्सचे पैसे मिळतात का, आयत्या वेळी कोर्स रद्द झाला तर काही देतात का. पुण्यात हे विचारायची तुला सोय नव्हती, इथे विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

एच-४ या अवलंबित व्हिसावर आहेस, तेव्हा ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात असल्याशिवाय अर्ज नको. ते २०१५पासून मिळायला लागलंय, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम विशिष्ट टप्प्यापर्यंत गेलेलं असावं लागतं, तेव्हा समीररावांना त्यांच्या वकिलाकडून आधी खात्री करून घ्यायला सांग. कॉलेज बघतं ते दोन गोष्टी: मास्टर्स, आणि त्या विषयातले कमीत कमी १८ ग्रॅज्युएट क्रेडिट. तुझ्या एम.ए.चे क्रेडिट इथल्या हिशोबात किती बसतात, ते परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून 'कोर्स बाय कोर्स' करून घ्यावं लागेल. थोडे कमी पडले तर एखाद-दुसरा कोर्स इथे कर. त्यात कमीपणा काही नाही.

आणि मधल्या वर्षांचं. बायोडेटात ती लपवू नकोस, तारखा गुळमुळीत करू नकोस. सरळ लिही: कुटुंबासाठी नोकरी थांबवली, अमुक साल ते अमुक साल. त्याखाली त्या वर्षांत केलेलं सगळं लिही. तू मराठी शाळेत रविवारी मुलांना शिकवलंस, लायब्ररीत नवीन आलेल्या बायकांना इंग्रजी संभाषणाचा सराव दिलास, ते शिकवणंच आहे. तू त्याला 'वेळ जात नव्हता म्हणून' म्हणतेस. तसं मुलाखतीत अजिबात म्हणायचं नाही.

घरातलं आत्ताच बोलून ठेव. संध्याकाळचा वर्ग मिळाला तर ईशानला क्लासमधून कोण आणणार, जेवणाचं काय. "जमेल तसं बघू" यावर सोडलं की ते तुझ्या अंगावर येतं, हे तुझ्याइतकं मला कोण सांगणार! मंगळवार-गुरुवार ही संध्याकाळ तुझी, असं समीररावांच्या कॅलेंडरवर लिहून घे. निबंध तपासायला टेबलही स्वतःचं हवं. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला नाही, दार लावता येईल अशा खोलीत.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, तेव्हा ते आजच मागव, बाकी सगळं नंतर. बाबांना सांगून तुझी एम.ए.ची गुणपत्रकं कपाटातून काढायला सांग, वरच्या कप्प्यात हिरव्या फाइलमध्ये असतील. सत्राच्या तोंडावर विभागप्रमुखांना आयत्या वेळी शिक्षक कमी पडतात, म्हणून अर्ज ऑगस्टच्या आधी गेलेला असावा. शिकवण्याबद्दलचं तुझं एक पानी निवेदन मराठीतून विचार करून लिही आणि मग इंग्रजीत उतरव. पहिला मसुदा मला पाठव. कितीही कच्चा असला तरी चालेल, शनिवारी ईशान झोपला की आपण फोनवर ओळ न् ओळ बघू.